खिडकीचा गाळा कोणाच्या जबाबदारीचा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरू लागला की कोकणातल्या घराघरांतून खिडक्यांच्या तक्रारी ऐकू येतात. कुठे झडप फुगून अडकलेली असते, कुठे चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी आत आलेले असते, तर कुठे बिजागरीचे स्क्रू सैल होऊन झडप लोंबू लागलेली असते. या सगळ्यावरून बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात, की लाकूड इथल्या हवेला मानवत नाही; आणि मग जांभ्याच्या जुन्या घरांतूनही फणसाच्या, सागाच्या चौकटी उपटून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या जातात. घरबांधणीचे सुतारकाम हाच माझा व्यवसाय असल्यामुळे या निष्कर्षाविषयी आपल्या दैनिकातून थोडे सविस्तर लिहावेसे वाटले. दुरुस्तीसाठी उघडलेल्या पुष्कळशा खिडक्यांचे लाकूड मला धड आढळले आहे. बिघाड असतो तो गाळ्यात, म्हणजे चौकटीसाठी भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागेत. गवंडी गाळा सोडून पुढच्या थराला लागतो, सुतार नंतर येऊन मिळेल त्या जागेत चौकट बसवतो, आणि दोघांच्या कामामध्ये जी अर्ध्या-पाऊण इंचाची जागा उरते ती कोणाच्याच हिशेबात धरलेली नसते. असा वाकडा गाळा ॲल्युमिनियमच्या खिडकीतूनही गळतोच. सिलिकॉनच्या पट्टीमुळे ते काही काळ दिसत नाही एवढेच.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाच्या, भिंतीत गाळा काटकोनात ठेवणे मुळातच अवघड आहे. चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच धरला जातो, परंतु हे माप खाणीखाणीनुसार बदलते आणि हाताने तासलेल्या चिऱ्याच्या समोरासमोरच्या कडा समांतर असतीलच याची खात्री नसते. जांभ्याच्या चिऱ्यासाठी आयएस ३६२० हे भारतीय मानक आहे, मात्र चिऱ्यांचा ट्रक उतरवून घेताना त्याचा कोणी उल्लेख केलेला मी ऐकलेला नाही. यंत्राने कापलेले चिरे आल्यापासून नव्या भिंती बऱ्याच सरळ होऊ लागल्या आहेत. जुन्या घरांत मात्र, विशेषतः मातीत बांधलेल्या जाड भिंतींत, गाळ्याची एक बाजू आत झुकलेली आणि दुसरी बाहेर कललेली असणे अगदी नेहमीचे आहे, आणि वर्षानुवर्षांच्या गिलाव्याखाली ते झाकलेले असते.

म्हणून पहिले काम मापाचे, आणि तेही गिलावा खरवडून चिरा उघडा केल्यानंतर. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजावी, उंचीही तशीच तीन ठिकाणी मोजावी, आणि दोन्ही कर्ण ताडून पाहावेत. चौकटीसाठी यांतले सर्वांत लहान माप धरून त्यातून दोन्ही बाजूंची मिळून सुमारे एक इंच मोकळीक वजा करावी. इथपर्यंतचे बहुतेक सुतार करतात. भिंतीला पीळ आहे की नाही हे मात्र फार थोडे जण पाहतात, आणि पुढचा बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो. त्यासाठी गाळ्याच्या चार कोपऱ्यांना, भिंतीच्या तोंडापासून सारख्या अंतरावर, खिळे ठोकून दोन सुतळ्या कर्णांवर ताणाव्यात. दोन्ही सुतळ्या मध्यभागी एकमेकींना जेमतेम लागत असतील तर भिंतीचे तोंड एका पातळीत आहे असे समजावे. त्यांच्यात फट दिसत असेल किंवा एक सुतळी दुसरीला ढकलत असेल, तर भिंतीला पीळ आहे. मध्यभागी पाव इंचाची फट असेल तर त्याचा अर्थ एखादा कोपरा इतर तिघांच्या मानाने अर्धा इंच पुढे किंवा मागे आहे असा होतो. अशा गाळ्यात भिंतीच्या तोंडाला धरून चौकट बसवली की चौकटीलाही तोच पीळ येतो, झडप वर बसते आणि खाली उघडी राहते. मग ती रंध्याने तासून बसवली जाते, पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या कोपऱ्यात अडते, आणि दोष शेवटी लाकडाच्या माथी येतो.

चौकट ओळंब्यात (उभी सरळ) आणि पाणसळीत (आडवी समतल) बसवायची, गाळा कसाही असो, याबाबत तडजोड करू नये असे माझे मत आहे. घरमालकांचा विरोध इथेच होतो, कारण सरळ चौकट कललेल्या गाळ्यात बसली की एका बाजूची फट वर पाव इंच आणि खाली इंचभर दिसते आणि पाहणाऱ्याला चौकटच वाकडी वाटते. भिंतीच्या कलाने चौकट थोडी झुकवा, असा आग्रह मग धरला जातो. परंतु बिजागऱ्यांची रेषा ओळंब्यातून सुटली की झडप आपोआप उघडू किंवा मिटू लागते आणि तिचे सगळे वजन एकाच बिजागरीवर येते. दिसण्याचा प्रश्न दोन रीतींनी सुटतो. गाळ्याच्या आतल्या बाजूचा गिलावा हळूहळू निमुळता करत नेला तर इंचभराचा फरकही डोळ्यांत भरत नाही. मात्र हा फरक एकाच बाजूवर न लादता दोन्ही बाजूंना वाटून द्यावा लागतो. दुसरी रीत कव्हर पट्टीची, म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यातली फट झाकणाऱ्या लाकडी पट्टीची आहे. पट्टी चौकटीला समांतर धरून दोन बारीक खिळ्यांवर अडकवावी, भिंत आणि पट्टी यांच्यातील सर्वांत मोठ्या फटीइतक्या रुंदीचा लाकडी ठोकळा घेऊन त्याला पेन्सिल लावावी, आणि ठोकळा भिंतीला टेकवून वरून खाली सरकवत न्यावा. भिंतीची प्रत्येक उंच-सखल जागा पट्टीवर रेषेच्या रूपाने उतरते. त्या रेषेपर्यंत पट्टी तासली की ती चिऱ्याला बिलगून बसते आणि तिची आतली कड चौकटीशी सरळच राहते. ही युक्ती जुन्या सुतारांच्या हातात होती. आता तिची जागा पांढऱ्या सिमेंटच्या लप्प्याने घेतली आहे, आणि तो लप्पा पहिल्याच उन्हाळ्यात चौकटीपासून सुटतो.

चौकट जागेवर धरून ठेवणाऱ्या पाचरी नेहमी जोडीने, एकमेकींच्या उलट दिशेने माराव्यात. एकच पाचर बाहीला, म्हणजे चौकटीच्या उभ्या लाकडाला, मुरड घालते. त्यांच्या जागा बिजागऱ्यांच्या आणि कडीच्या पाठीशी असाव्यात. वरच्या आडव्या लाकडाच्या मध्यावर पाचर कधीही मारू नये, कारण लिंटेल, म्हणजे गाळ्यावरची भिंत पेलणारी आडवी तुळई, किंचित जरी खाली आली तरी तिचा भार चौकटीवर येऊन ते लाकूड पोटात वाकते आणि झडपा अडतात. लिंटेल आणि चौकट यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवून ती लवचीक पदार्थाने भरावी. फवारून फुगणारा फेस फट बुजवतो हे खरे, पण चौकट धरून ठेवणे हे त्याचे काम नाही. ते काम होल्डफास्टचे, म्हणजे चौकटीला जोडून भिंतीत रोवलेल्या लोखंडी पट्टीचे आहे, आणि चिऱ्याच्या भिंतीत होल्डफास्टसाठी खळगा कापून तो काँक्रीटने भरावा लागतो. फुगणारे बोल्ट चिऱ्याच्या कडेजवळ आवळले की कड फुटून येते. काँक्रीटच्या खांबाला जे चालते ते जांभ्याला चालेलच असे नाही.

नव्या बांधकामात भिंत चढवतानाच चौकट उभी करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि होल्डफास्ट पक्के बसतात म्हणून मला ती पसंत आहे. अट एवढीच, की चौकटीच्या बाह्यांमध्ये आडवी पट्टी आणि कोपऱ्यांवर तिरकी पट्टी ठोकलेली असावी, आणि प्रत्येक दोन थरांनंतर ओळंबा लावून पाहावा. चिरा जागेवर बसवताना गवंडी तो हातोड्याने ठोकतो, त्या धक्क्याने चौकट सरकते. भिंत पूर्ण झाल्यावर हे कळून उपयोग नसतो. जुन्या भिंतीत ही पद्धत अर्थातच शक्य नाही.

जुन्या भिंतीत नवा गाळा काढणे हे या सगळ्यांतले सर्वांत जोखमीचे काम, आणि पर्यटनामुळे ते फार वाढले आहे. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरची जुनी घरे पर्यटकांच्या निवासासाठी सजवली जात आहेत आणि समुद्र दिसावा म्हणून पश्चिमेच्या भिंतीत चार-पाच फुटांच्या खिडक्या मागितल्या जातात. मातीत बांधलेल्या भिंतीत यंत्र लावून एका दिवसात भोक पाडले तर वरचे दोन-तीन थर खाली येतात, हे अनेक ठिकाणी झालेले आहे. असे काम हाती घेण्यापूर्वी त्या जागेवर वर काय टेकले आहे ते पाहावे. नुसते वासे असतील तर आतून टेकू देऊन काम करता येते. तुळईचे टोक तिथे येत असेल तर खिडकीची जागाच बदलावी, असे मी मालकांना सांगतो. त्यानंतर खालची भिंत न फोडता आधी लिंटेलपुरती आडवी खाच काढावी, तीही भिंतीच्या अर्ध्या जाडीपुरती. तिच्यात लिंटेल सरकवून वरच्या चिऱ्यांखालची फट दगडाच्या कपच्या आणि मसाला ठासून बंद करावी, मसाल्याला पुरेसे दिवस द्यावेत, आणि मगच दुसऱ्या बाजूने उरलेली अर्धी जाडी घ्यावी. दोन्ही अर्ध्या लिंटेल वजन घेऊ लागल्यावर खालचे चिरे थराथराने उतरवावेत. लिंटेलचे टोक सिमेंटच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना किमान ६ इंच टेकवतात. मातीच्या भिंतीवर ते ९ ते १२ इंच टेकलेले असावे. गाळ्याच्या बाजूंना अर्धवट कापलेले चिरे राहतात, ते काढून एकाआड एक थरात नवे चिरे भिंतीत दात घालून बसवावेत, नाहीतर होल्डफास्टला धरायला काहीच उरत नाही. आणि हे सारे पावसाळ्याबाहेर करावे, कारण ओली झालेली माती भिंत धरून ठेवत नाही.

असा गाळा भिंतीच्या कोपऱ्याला लागून काढण्याचा मोह समुद्राच्या दृश्यामुळे होतो, आणि तो टाळायला हवा. भूकंपरोधक बांधकामासाठी असलेल्या आयएस ४३२६ या मानकात दारे-खिडक्या कोपऱ्यापासून दूर ठेवण्याविषयी आणि एका भिंतीतील गाळ्यांच्या एकूण रुंदीविषयी मर्यादा घातलेल्या आहेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला झालेला भूकंप सह्याद्रीच्या पलीकडे झाला असला तरी कोकणाने ती मर्यादा मनावर घ्यावी इतका तो जवळ आहे.

कमानीच्या गाळ्यांविषयीही सांगायला हवे. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी १९१०च्या सुमारास बांधलेल्या राजवाड्याच्या अर्धगोल खिडक्या आणि त्यांवरचे लाकडी काम पाहिलेल्या पुष्कळ लोकांना तशी खिडकी आपल्या घरी हवी असते. नव्या कमानीची त्रिज्या काढणे सोपे आहे: गाळ्याच्या अर्ध्या रुंदीचा वर्ग करावा, त्याला कमानीच्या उंचीने भागावे, आलेल्या संख्येत ती उंची मिळवावी आणि बेरीज निम्मी करावी. चार फूट म्हणजे ४८ इंचांच्या गाळ्यावर ८ इंच उंचीची कमान असेल तर त्रिज्या ४० इंच येते. जुन्या कमानीला मात्र हे गणित लागू पडत नाही, कारण ती बसलेली असते आणि तिचे दोन अर्ध एकमेकांसारखे राहिलेले नसतात. तिथे पातळ हार्डबोर्ड गाळ्यात धरून वळण तसेच्या तसे उतरवून घ्यावे. वरचे वळणदार लाकूड एका रुंद फळीतून कापले तर टोकांकडे लाकडाच्या शिरा आडव्या तुटतात आणि तिथेच ते पुढे फुटते. त्याऐवजी लहान तुकडे दोन थरांत, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे, पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाने आणि स्क्रूने जोडावेत. माझी स्वतःची पसंती अशी, की उघडणाऱ्या झडपा चौकोनीच ठेवाव्यात आणि कमानीच्या पोटात काच किंवा जाळी कायमची बसवावी. वळणाची झडप आपल्या पावसात फुगली की तासणे फार कठीण जाते. छपराच्या उताराखाली येणाऱ्या तिरप्या गाळ्यांनाही हाच न्याय लावावा.

पाण्याकडे पाहू. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. ही झड छज्जाने अडत नाही. खिडकीखालच्या कडप्प्याला बाहेरच्या बाजूने स्पष्ट उतार हवा, तो भिंतीच्या दीड-दोन इंच बाहेर आलेला हवा, आणि त्याच्या पोटात कडेजवळ पागोळी तोडणारी खाच हवी. ही खाच नसेल तर पाणी कडप्प्याच्या खालून परत भिंतीकडे येते आणि चिरा ते पिऊन घेतो. पश्चिमेच्या खिडकीच्या झडपा बाहेर उघडणाऱ्या असाव्यात, म्हणजे वारा त्यांना चौकटीच्या खाचेत दाबून धरतो. आत उघडणाऱ्या झडपेला तोच वारा खाचेतून सोडवत असतो.

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात किनाऱ्याच्या समांतर गेलेल्या तौक्तेने छपरांचे किती नुकसान केले हे आपण पाहिले आहे. त्या चर्चेत खिडक्यांचा उल्लेख क्वचितच झाला. वाऱ्याच्या बाजूची खिडकी चौकटीसह निखळली किंवा झडप तुटली की वारा घरात शिरतो आणि छपराला आतून वर ढकलू लागतो, त्याच वेळी छपरावरून जाणारा वारा त्याला बाहेरून ओढत असतो. कौले उडण्याला हे दोन्ही एकत्र कारणीभूत होतात. त्या दृष्टीने खिडकीची चौकट किती होल्डफास्टवर उभी आहे हा छपराच्याही सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

लाकडाविषयी थोडक्यात. ते आडवे फुगते, लांबीत जवळजवळ फुगत नाही, म्हणून रुंद फळ्यांच्या झडपांत फुगण्यासाठी जागा सोडावी लागते, आणि मे महिन्यात बसवलेल्या झडपेला ऑगस्टचा विचार करून जास्त मोकळीक द्यावी लागते. चौकटीची भिंतीकडची पाठ आणि कापलेली टोके बसवण्यापूर्वीच प्राइमर किंवा डांबर लावून बंद करावीत. तिथून ओल आणि वाळवी दोन्ही शिरतात, आणि चौकट बसल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही. खाऱ्या हवेत लोखंडी बिजागऱ्या टिकत नाहीत, पितळी किंवा स्टेनलेस घ्याव्यात. लाकूड वाळलेले असेल तर फणस, साग, शिवण यांपैकी काहीही चालते.

आता मागणी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत सुतार आणि गवंडी हे दोन्ही आहेत. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य त्यात मिळते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागासाठी गवंड्यांचे वेगळे प्रशिक्षणही होते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांत अशा प्रशिक्षणातला किमान एक दिवस गवंडी आणि सुतार यांना एकत्र बसवून, चिऱ्याच्या प्रत्यक्ष भिंतीत एक गाळा सोडून त्यात चौकट बसवण्यासाठी राखून ठेवावा, अशी संबंधित यंत्रणांना माझी विनंती आहे. गवंड्याने सुतळ्या ताणून पीळ पाहावा आणि सुताराने लिंटेल कुठे टेकते ते पाहावे. आज दोघेही आपापली विद्या उत्तम जाणतात, पण दुसऱ्याचे काम कुठे संपते हे त्यांना कामावरच, भांडण झाल्यावर कळते.

घर बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मालकांनी शासनाची वाट न पाहता ठेकेदाराशी होणाऱ्या करारात दोन वाक्ये घालून घ्यावीत. लिंटेल ओतण्यापूर्वी गवंडी आणि सुतार दोघांनी मिळून प्रत्येक गाळ्याचा ओळंबा, कर्ण आणि पीळ तपासावा, आणि चौकट नंतर बसवायची असेल तर तिचे माप नकाशावरून न घेता प्रत्यक्ष गाळ्यावरून घ्यावे. या तपासणीसाठी सुताराला कामावर एक फेरी जास्त मारावी लागते. तिची मजुरी ठेकेदाराच्या दरात ढकलून न देता मालकाने वेगळी धरावी, नाहीतर ती फेरी कागदावरच होते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक घरबांधणी सुतार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी